सासूबाई कुठल्या वाटेने गेल्या

२८ जून

नाकातून वास जात नाही. दोनदा आंघोळ केली, तरी!

करकोच्याचं पिल्लू घाबरलं की पोटातलं सगळं बाहेर टाकतं, हे मला कुणी आधी सांगायला नको? पक्षीवाली डॉक्टर इवोना दोर लावून ओकच्या झाडावर चढली, पिल्लू पिशवीत घालून खाली सोडलं. मी मोठ्या कौतुकाने पिशवी उघडली — आणि अर्धवट पचलेले मासे थेट माझ्या एप्रनवर. मासे माझ्याच ओढ्यातले. लगेच ओळखले.

वेंदेलीन शिडी धरून उभा होता. मिशीतल्या मिशीत हसत होता. हसू दे. घरटं त्यानेच शोधलंय, मे महिन्यात. वनरक्षकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, पाय अजून जंगलातच. पण माझ्या जंगलात कशाला? त्या खालच्या कोपऱ्यात मीसुद्धा जात नाही. माझा नवरा, सिरिल, होता तेव्हा म्हणायचा, तिकडे दलदल आहे, बूट जातील. मग वेंदेलीन तिथे काय करत होता? विचारलं. म्हणाला, "चाकू हरवला होता, ब्लाझेनाबाई."

चाकू म्हणे!

इवोनाने पिल्लाच्या पाठीवर छोटं यंत्र बांधलं, दप्तरासारखं. आता ते जाईल तिथे नकाशावर ठिपका उमटणार. नाव मी ठेवायचं, जंगल माझं म्हणून. पिल्लाने मान ताठ केली आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझे क्नेडलीक, पिठाचे उकडलेले गोळे, चिवट झाले की सासूबाई जेवणाच्या टेबलावरून अगदी अश्शाच बघायच्या. "आपोलेना," मी म्हणाले. सासूबाईंचं नाव. पाय पण तसेच, मळकट हिरवे मोजे घातल्यासारखे.

नकाशाचा पासवर्ड फक्त मला दिलाय. "कुणाला दाखवू नका हं, बाई. घरट्याची जागा फुटली की फोटोवाले येतात, अंडीचोर येतात." दिला शब्द.

२९ जून

मूर्खपणा केला. लिहूनच ठेवते.

आलोईसच्या बिअरच्या गुत्त्यात सगळे जमलेले. विषय आपोलेनाचा. इवोना सांगत होती, आपल्याकडचे काळे करकोचे दोन वाटांनी आफ्रिकेला जातात. काही पश्चिमेला — फ्रान्स, स्पेन, जिब्राल्टरवरून पलीकडे. काही पूर्वेला — हंगेरी, बल्गेरिया, बोस्फरसवरून तुर्कस्तान. कुठलं पिल्लू कुठे जाईल, देवालाच ठाऊक. आईबापही बरोबर नसतात.

वेंदेलीन म्हणाला, "पूर्वेला जाणार. मी चाळीस वर्षं वारा बघतोय."

मी म्हणाले, "पश्चिमेला. इथून ज्यांना अक्कल होती ते सगळे पश्चिमेलाच गेले."

"आणि ज्यांच्याकडे माशांची तळी होती ते इथेच राहिले," तो म्हणाला. गुत्ता हसला. मला हसणं झोंबलं. दोन ग्लास झालेले. म्हटलं, लावा पैज!

आता वेंदेलीनची पैज काय असणार? अकरा वर्षं दर मार्टिनच्या सणाला, अकरा नोव्हेंबरला, हा सोललेला हंस घेऊन माझ्या दारात येतो. घसा खाकरतो. "तर मग, ब्लाझेनाबाई?" मी म्हणते, "ओव्हन तापलाय, आणा इकडे." जेवतो, भांडी पुसतो, घरी जातो. अकरा हंस, अकरा नकार.

म्हणाला, "पूर्वेला गेली तर यंदा मार्टिनला तुम्ही हो म्हणायचं."

आलोईस बिअरचा नळ बंद करायचा विसरला.

"आणि पश्चिमेला गेली तर तुम्ही परत कधी विचारायचं नाही," मी म्हणाले. एवढ्यावर थांबायचं ना! पण नाही. "आणि तुमची अळंबीची जागा मला दाखवायची."

त्याचा चेहराच उतरला. इथे माणूस जमिनीचे कागद खुशाल टेबलावर टाकतो, पण अळंबीची जागा मरताना कानात सांगतो. तीही सांगायची राहूनच जाते बऱ्याचदा. वेंदेलीन दर सप्टेंबरला टोपलीवर नेच्याची पानं झाकून गावातून जातो, आणि खाली काय असतं ते वासावरून कळतं.

तरी हात पुढे केला. मी धरला. आलोईसने तळहाताच्या धारेने वार करून आमचे धरलेले हात सोडवले, म्हणजे पैज कापली. एकदा कापली की पैज मोडत नाही. माझ्या बापाने अशा कापलेल्या पैजेपायी भर जानेवारीत तळ्यात उडी मारली होती.

१४ जुलै

पिसाची तपासणी आली. आपोलेना नर आहे! सासूबाई मेल्यावर सव्वीस वर्षांनी पुरुष निघाल्या. आधी कळतं तर सिरिलने जास्त ऐकलं नसतं त्यांचं.

नाव बदलणार नाही.

६ ऑगस्ट

उडाला. म्हणजे पडला, पण हवेतून. आता दिवसभर ओढ्यात उभा. मी कपडे वाळत घालते, तो माझे ट्राउट मासे गिळतो. टॅबवर बघितलं तर ठिपका, आणि डोळे वर केले तर आपोलेना. दोन्हीकडून एकच चोर.

वेंदेलीन कुंपणावरून म्हणाला, "बघा, तोंड कुठे करून उभा आहे. पूर्वेला."

"आणि शेपूट पश्चिमेला. जे मागे असतं त्याच्यावरच बसतात माणसं."

हे काय बोलले ते मलाच कळलं नाही, पण तो मिशी चोळत घरात गेला.

२५ ऑगस्ट

गेला. सकाळी ओढा रिकामा. दुपारी ठिपका ऑस्ट्रियात. आग्नेयेला! गुत्त्यात आलोईसने नळामागच्या फळ्यावर खडूने युरोप काढलाय. इटली मोज्यासारखी आलीय. बिअरच्या ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती टाचणीने टोचून तीच आपोलेना. पूर्ववाल्यांनी टेबलं बडवली. वेंदेलीनने काही बडवलं नाही, नुसता लाल झाला.

२६ ऑगस्ट

वळला! डॅन्यूबवर आला आणि पश्चिमेला वळला! बव्हेरिया! जिंकले!!!

२७ ऑगस्ट

अजून बव्हेरिया. अजून पश्चिम.

जिंकलेय ना मी? मग सकाळपासून कॉफी का कडू लागतेय?

मार्टिन येईल. दारात कुणी नसेल. म्हणजे हंसाचं काय, हंस मी विकतही आणीन. पण कुणी घसा खाकरणार नाही. त्या खाकरण्यासाठी मी दर वर्षी सकाळी केस धुते, हे आज ध्यानात आलं. अडुसष्टाव्या वर्षी! बाई गं, तुला काय म्हणावं?

संध्याकाळी आलोईसने फळ्यापाशी उभं राहून विचारलं, "काय ब्लाझेनाबाई, कुठवर?" वेंदेलीन ग्लासात बघत होता. आणि माझं तोंड — मी नाही, माझं तोंड — म्हणालं, "हंगेरी."

२९ ऑगस्ट

मुलगी समुद्रापार गेली, तिचा शाळेतला ॲटलास माळ्यावरून काढला. हंगेरी संपली की काय येतं? सर्बिया. बरं झालं बघितलं, मी रोमानिया सांगणार होते.

त्या ॲटलासमध्ये युगोस्लाव्हिया आहे. जपून वापरायला हवा.

४ सप्टेंबर

पाठ करून ठेवते, नाहीतर गोंधळ व्हायचा:

खरं — फ्रान्स, नदीकाठी दोन दिवस, रोज जागा बदलतोय, चांगला खात असावा.
सांगितलं — सर्बिया, नदीकाठी दोन दिवस, चांगला खात असावा.

खोटं म्हणजे तरी किती? नुसती नदी वेगळी.

वेंदेलीनने मिशी कापून घेतली. वरचा ओठ पहिल्यांदा दिसला. बरा आहे.

११ सप्टेंबर

हे काही खरं नाही!

सकाळी वेंदेलीन आला. टेप घेऊन. "सहज," म्हणाला, "तुमच्या स्वयंपाकघराची ती भिंत किती लांब आहे?" कशाला? तर शिंगं लावायला. हरणांची. त्याच्या घरी चौदा जोड्या आहेत, प्रत्येकीखाली पाटी, पाटीवर साल. "म्हणजे, जर का, देव करो आणि तो बोस्फरस ओलांडो."

चौदा! माझ्या मसाल्यांच्या फळीवर! मी त्या क्षणी सगळं खरं सांगून टाकणार होते. पश्चिमेला गेलाय तो, वेंदेलीनराव, फ्रान्समध्ये बेडूक खातोय, घ्या तुमची टेप आणि चला. जिभेच्या टोकावर आलं होतं.

मग तो वाकून भिंत मोजायला लागला. त्याचा कुत्रा, ब्रोक, माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला. मी म्हणाले, "दोन मीटर ऐंशी. पण खिडकीवर एकही नको."

तीस वर्षं शेजारी आहोत आणि अजून अहो-जाहो. "तू म्हणा" हे बाईने आधी म्हणायचं असतं. मी म्हटलेलं नाही. उगाच लाडावेल.

१८ सप्टेंबर

पाऊस झाला, अळंबी आली. वेंदेलीन नेच्याखाली टोपली लपवून गेला. अर्धी माझ्या दारात ठेवून गेला. जाड देठाची, कोवळी, एकही किडकी नाही.

पैज जिंकले असते तर आज ही जागा माझी असती. परतताना कांदा जळला, इतका विचार केला. नवऱ्यासाठी अळंबीवर पाणी सोडणारी बाई या गावात दुसरी निघणार नाही.

२४ सप्टेंबर

स्पेनचं शेवटचं टोक. समोर समुद्र. आपोलेना किनाऱ्यावर येरझारा घालतोय. ठिपके इकडून तिकडे, तिकडून इकडे. गुत्त्यात सांगितलं: बोस्फरस. किनाऱ्यावर येरझारा.

२७ सप्टेंबर

चौथा दिवस. दोनदा पाण्यावर गेला, दोनदा माघारी.

२९ सप्टेंबर

काल सकाळपासून ठिपका नाही.

इवोनाला फोन केला. लागला नाही, ती कुठेतरी झाडावर असणार. टॅब बंद केला, चालू केला, पुसला. शेवटचा ठिपका पाण्यावर. आठ किलोमीटर आत.

गुत्त्यात गेले नाही. वेंदेलीनच आला. मी ओट्याशी उभी होते आणि रडत होते. लपवायला वेळच मिळाला नाही. म्हटलं, "ठिपका गेला. पाण्यावर होता, तिथून पुढे नाहीच."

तो बसला. टोपी गुडघ्यावर. मग म्हणाला, "करकोचा पाण्याला भितो, ब्लाझेनाबाई. जमिनीवर गरम हवा असते, ती त्याला उचलते. पाण्यावर ती नसते, तिथे स्वतःचे पंख मारावे लागतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे कोण सांगणार? पण दोनदा माघारी आलाय ना? म्हणजे डोकं आहे त्याला. जो दोनदा माघारी येतो तो तिसऱ्यांदा वारा बघूनच जातो."

"आणि यंत्र?"

"पलीकडे गेल्यावर लगेच कुणी घरी फोन करतं का? तुमच्या मुलीने केला होता?"

तो भलत्याच समुद्राबद्दल बोलत होता. आणि अक्षर न् अक्षर खरं होतं. मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि ओट्यावरच्या लाटण्याने स्वतःला मारावंसं वाटलं, दोन्ही एकदम. ह्या माणसाला मी महिनाभर फसवतेय. गंमत म्हणून सुरू केलं. आता गंमत नाही.

उद्या सांगते. नक्की.

३० सप्टेंबर

ठिपका! मोरोक्को! एका ओढ्यात उभा, जसा काही झालंच नाही!

चपला न घालताच कुंपणापर्यंत धावले. "पोहोचला! पलीकडे पोहोचला!" वेंदेलीन हंसांना दाणे घालत होता. बादलीच सोडली. हंस बादलीत. "आशियात?" त्याने विचारलं. डोळे ओले होते त्याचे, हे मी पाहिलं.

आता अशा माणसाला काय सांगायचं? म्हटलं, "हो. पलीकडे."

उद्या सांगते.

१ ऑक्टोबर

सांगितलं नाही. गुत्त्यात त्याने सगळ्यांना बिअर पाजली. पश्चिमवाल्यांनासुद्धा.

१८ ऑक्टोबर

खोट्याच्या कपाळी गोटा. माझ्या कपाळी तर गावासमोर बसला.

आज पान्स्की तळं रिकामं करायचा दिवस. दोन आठवडे पाणी सोडलेलं, उरलेल्या डबक्यात सगळे मासे दाटीवाटीने उसळत होते. पहाटेपासून माणसं कमरेपर्यंतचे रबरी बूट घालून चिखलात, जाळं ओढतायत. अख्खं गाव बांधावर, हातात रम घातलेला चहा. मी नेहमीप्रमाणे माशांच्या मुंडक्यांच्या सुपापाशी, मोठी पळी घेऊन. वेंदेलीन पहिल्या रांगेत वाटी धरून. नवीन पँट! चिखलाच्या दिवशी!

आणि इवोना आली. चिखलावर जमलेले पक्षी मोजायला. मी तिला लांबूनच खुणा केल्या. तिला वाटलं, सूप प्यायला बोलावतेय. आली धावत.

"बाई, बघताय ना रोज? मॉरिटानिया! यंदाच्या पिल्लांत आपोलेना सगळ्यांत पुढे! जिब्राल्टरला तर माझा जीवच गेला होता."

कुणीतरी म्हणालं, "कुठलं जिब्राल्टर?"

"जिब्राल्टर. स्पेनहून गेला ना. दुसऱ्याच दिवशी पश्चिमेला वळलेला." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "बाई रोज बघतात की."

कार्प माशांच्या शेपट्या तेवढ्या वाजत होत्या. गुत्त्यातल्या फळ्यावर आपोलेनाची चकती सुदानमध्ये टोचलेली आहे हे प्रत्येकाला आठवत होतं, आणि प्रत्येकजण मनात हिशेब मांडत होता. आलोईसचा सगळ्यांत आधी सुटला.

"थांबा," तो म्हणाला. "थांबा थांबा. पश्चिमेला गेला. म्हणजे बाई जिंकल्या. आणि दोन महिने बाई खोटं बोलतायत — *हरायला?*"

चिखलातली माणसं अशी हसली की जाळं सुटलं. म्हाताऱ्या जाळेवाल्याने शिव्या घातल्या, पण हसत हसत. निदान दोनशे कार्प परत डबक्यात. माझ्यामुळे.

वेंदेलीन हसला नाही. सूप संपवलं. वाटी खाली ठेवली. म्हणाला, "अकरा वर्षं तुम्ही खरं बोलून नाही म्हणालात. यंदा खोटं बोलून हो म्हणालात. मी काय समजायचं, ब्लाझेनाबाई?"

पळी हातात घेऊनच घरी आले. पळी गावच्या मंडळाची आहे. परत करायला हवी.

१९ ऑक्टोबर

आला नाही. कुंपणावर ब्रोक तेवढा येऊन भुंकून गेला.

२३ ऑक्टोबर

पाव आणायला गेले तर दुकानातली म्हणाली, "मॉरिटानियाचा देऊ की सुदानचा?"

हसले मी पण. घरी येऊन हसू आलं नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्याने पेन्सिलीने चौदा खुणा करून ठेवल्यात. पुसायला फडकं घेतलं आणि ठेवून दिलं.

२८ ऑक्टोबर

राष्ट्रीय सुट्टी. गावात झेंडे. दहा वाजता दारात वेंदेलीन. जुनी पँट.

"चला," म्हणाला. "हरलोय. जागा दाखवायचीय."

"राहू द्या हो, वेंदेलीनराव. मी फसवलं तुम्हाला."

"फसवलंत ते वेगळं. कापलेली पैज वेगळी."

निघालो. तो पुढे, ब्रोक मध्ये, मी मागे. पुलाकडे वळेल असं वाटलं, नाही वळला. माझ्याच कुंपणाच्या कडेने, माझ्याच लाकडांच्या ढिगामागून, माझ्याच जंगलात! खाली, दलदलीच्या कोपऱ्यात. दलदल कसली — मऊ, कोरडं शेवाळ, बर्चची झाडं, आणि वर तो ओक, आपोलेनाचं रिकामं घरटं. थंडीने काळी पडलेली शेवटची अळंबी अजून उभी होती.

काखेत कळसा नि गावाला वळसा! तीस वर्षं हा माझ्या जंगलातली अळंबी नेच्याखाली झाकून माझ्या दारावरून नेत होता. आणि अर्धी मला भेट देत होता! मी टोपी फेकून मारली त्याला. कायद्याने कुणीही कुठल्याही जंगलात अळंबी तोडू शकतो, ठाऊक आहे मला. पण तरी!

"दलदल आहे असं सिरिल सांगायचा," मी ओरडले.

"सिरिलला मीच सांगितलं होतं."

मी शेवाळावर बसले आणि पोट धरून हसले. मग एकदम लक्षात आलं. "म्हणजे मे महिन्यात चाकू वगैरे काही नाही. उन्हाळी अळंबीला आला होतात, आणि घरटं दिसलं."

"हं."

"आणि घरटं कळवलं की मार्च ते ऑगस्ट इथे यायला बंदी, हे तुम्हाला माहीत होतं."

"तीस वर्षं मीच त्या पाट्या ठोकत होतो."

"तरी कळवलंत."

खांदे उडवले त्याने. "मग काय करणार? तो घरटं बांधून बसला होता."

तेव्हाच मला बोलायचं होतं. म्हणायचं होतं, वेंदेलीनराव, मला तुम्ही हवे आहात, म्हणून खोटं बोलले, दुसरं काही समजू नका. तोंड उघडलं. पण तो टोपी झटकत म्हणाला, "जागा दिली. आणि दुसरं — परत कधी विचारणार नाही. शब्द म्हणजे शब्द." ब्रोकला शीळ घातली आणि गेला.

१० नोव्हेंबर

आपोलेना चार दिवस एकाच पाणथळीभोवती. इवोना म्हणते, हिवाळा तिथेच काढेल. दोन-तीन वर्षं परत यायचा नाही, आला तर.

वाट बघत बसायला मी काही करकोचा नाही. पण केस धुतले.

११ नोव्हेंबर

सकाळी दार उघडलं. पायरीवर हंस. सोललेला, कागदात गुंडाळलेला. माणूस नाही!

म्हणजे विचारायचं नाही ते नाहीच, पण हंस चुकवायचा नाही. असा हा प्राणी!

हंस भाजला. कोबी केली, क्नेडलीक केले. एक वाजता कढई टॉवेलात धरून निघाले. त्याच्या घरी कुंपणावरून दहा पावलं, पण कढई घेऊन कुंपण ओलांडता येत नाही. रस्त्याने, गुत्त्यावरून जावं लागलं. खिडकीत आलोईस, त्याच्यामागे सगळे. एकाने टोपी काढली.

वेंदेलीनने दार उघडलं. हातात पावाचा तुकडा. टेबलावर एक ताट. मी कढई ठेवली. घसा खाकरला. कुणाला माहीत होतं हे इतकं अवघड असतं! अकरा वेळा केलं त्याने हे.

"तर मग, वेंदेलीनराव?"

तो बसला. एक मांडी खाल्ली. दुसरी खाल्ली. क्नेडलीक दाबून बघितले. म्हणाला, "मऊ झालेत." मग तोंड पुसलं. "तुम्ही अकरा वर्षं घेतलीत. मला एक तरी द्या. पुढच्या मार्टिनला सांगतो."

आणि भांडी पुसायला लागला! मी रिकामी कढई घेऊन परत आले, पुन्हा त्याच खिडकीखालून. आलोईसने विचारलं, "काय, ब्लाझेनाबाई, कुठवर?"

"समुद्रापर्यंत," मी म्हणाले. "माघारी पाठवलं."

१२ नोव्हेंबर

उशिरा उठले, ठोकाठोकीने. अंगणात हातगाडी. तिच्यात तेरा जोड्या शिंगं, एक उशी, दात घासायचा ब्रश. ब्रोक माझ्या खुर्चीत. स्वयंपाकघरातून आवाज: "ब्लाझेना! उभी काय राहिलीस? शिडी धर!"